कुर्बानीचं गोश्त, गव्हाणचं मीठ आणि कबाबावरचा लेप

बकरीद जिलहजच्या १० तारखेला येते. तिच्या पाठोपाठ येणाऱ्या ११, १२ आणि १३ या तीन तारखांना ‘अय्याम-ए-तशरीक’ म्हणतात. या दिवसांत फर्ज नमाजनंतर तकबीर म्हणायची, रोजा धरायचा नाही, एवढं मकतबमध्ये आपण सगळेच शिकलेलो असतो. पण ‘तशरीक’ म्हणजे काय, हे सहसा कुणी विचारत नाही. अरबी कोशकारांनी या शब्दाच्या ज्या व्युत्पत्त्या दिल्या आहेत, त्यांतली एक थेट स्वयंपाकघरातली आहे. गोश्ताच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळत घालणे म्हणजे तशरीक. मिनाच्या मैदानात हाजी लोक कुर्बानीचं गोश्त असं वाळवायचे, म्हणून ते दिवस तशरीकचे. (दुसरी व्युत्पत्ती अशी की सूर्य वर आल्याशिवाय कुर्बानी करायची नाही. दोन्हींत सूर्य आहेच.)

म्हणजे आपल्या पंचांगातले तीन दिवस अन्न टिकवण्याच्या एका कृतीच्या नावाने ओळखले जातात. मला हे फार विलक्षण वाटतं. तरीही ‘आपला खाद्यवारसा’ म्हटलं की आपण बिर्याणी आणि शीरखुर्म्यावरच थांबतो. गोश्त टिकवण्याची विद्या हाही वारसा आहे, आणि तिचा इतिहास बराचसा गोश्ताला घातलेल्या अंगरख्याचा, म्हणजे लेपाचा इतिहास आहे. आज अन्नतंत्रज्ञानाच्या महाविद्यालयात ‘खाद्य लेप’ हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवतात. खाता येईल असा पातळ थर पदार्थावर चढवायचा, त्याने हवा अडवायची, ओलावा धरून ठेवायचा, जंतूंना रोखायचं. कल्पना नवी नाही. बदललं आहे ते एवढंच, की लेप कशाचा आहे हे खाणाऱ्याला आता डोळ्यांनी कळत नाही.

आधी मदिनेत जाऊ. एका वर्षी कुर्बानीचं गोश्त तीन दिवसांहून जास्त ठेवायला प्रेषितांनी (स.) मनाई केली होती. पुढच्या वर्षी लोकांनी विचारलं, तेव्हा त्यांनी खुलासा केला की त्या वर्षी वाळवंटातली गरजू माणसं शहरात आली होती म्हणून तो हुकूम होता. आता खा, साठवा आणि दानही करा. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. हजरत आयेशा (र.) यांच्या एका कथनात तर ही साठवण कशी व्हायची तेही येतं: आम्ही कुर्बानीचं काही गोश्त मीठ लावून ठेवायचो. दुसऱ्या एका कथनात पाये पंधरा दिवसांनी खाल्ल्याचा उल्लेख आहे.

खारवून वाळवलेल्या या गोश्ताला अरबीत ‘कदीद’ म्हणतात. एका शिंप्याने प्रेषितांना (स.) जेवायला बोलावलं, तेव्हा वाढलेल्या रश्शात दुधी भोपळा आणि कदीद होतं, असं हजरत अनस (र.) सांगतात. आपल्याकडचं दुधी-गोश्त किती जुनं आहे पाहा! इब्न माजाच्या संग्रहात आणखी एक हदीस आहे. एक माणूस प्रेषितांसमोर (स.) येऊन थरथर कापू लागला. ते त्याला म्हणाले की घाबरू नकोस, मी कुणी बादशहा नाही, कदीद खाणाऱ्या बाईचा मुलगा आहे. कदीद हे गरिबाघरचं खाणं होतं. ज्याच्याकडे रोज ताजं जनावर कापण्याची ऐपत नाही तो वाळवून ठेवतो.

मिनाची पुढची गोष्ट मात्र खिन्न करणारी आहे. विसाव्या शतकात हाजींची संख्या वाढत गेली आणि वाळवण्याची पद्धत मागे पडली. लाखो जनावरांचं गोश्त टिकवायची सोय नसल्याने त्यातलं पुष्कळसं पुरून टाकावं लागे. ज्या मैदानाला गोश्त वाळवण्याच्या कृतीने आपल्या दिवसांचं नाव दिलं, तिथेच ते मातीत जात होतं. १९८३मध्ये इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेच्या व्यवस्थापनाखाली सौदी सरकारची योजना सुरू झाली, आणि मग ते गोश्त गोठवून गरीब देशांना पाठवलं जाऊ लागलं. मीठ आणि ऊन यांची जागा शीतगृहाने घेतली.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. पनवेलहून उरणकडे जाताना गव्हाण लागतं. गव्हाण या शब्दाचा मराठीतला अर्थ गुरांना चारा घालायची जागा. गावाला नाव त्यावरूनच पडलं की नाही, या वादात मी पडत नाही. पण आज गव्हाण फाट्यावर उभं राहिलं तर न्हावा-शेवा बंदराकडे निघालेले कंटेनर एकामागून एक जाताना दिसतात, आणि त्यांत काही पांढरे, स्वतःचं शीतयंत्र घेऊन फिरणारे असतात. भारतातून परदेशी जाणाऱ्या गोठवलेल्या म्हशीच्या मांसाचा मोठा हिस्सा याच बंदरातून जातो. हाड काढलेलं, खोक्यांत भरलेलं, उणे तापमानात दगडासारखं झालेलं.

बंदर सुरू झालं २६ मे १९८९ला. त्याआधी हा सगळा पट्टा भातशेतीचा आणि मिठागरांचा होता. इथला आगरी समाज आपलं नावच ‘आगर’ या शब्दाशी जोडतो. भरतीचं पाणी खाजणात घ्यायचं, एका कोंडीतून दुसरीत फिरवत आटवायचं, आणि पावसाळ्याआधी पांढऱ्या राशी उचलायच्या, हा इथला हिवाळा-उन्हाळ्याचा उद्योग. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे-पनवेल-उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं, त्यांत गव्हाणही आलं. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा जीव गेला. जमिनीच्या त्या लढ्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, जायलाच हवं. पण मिठागरांबरोबर इथल्या घरांतली एक साठवणीची सवयही गेली, तिची नोंद कुठे दिसत नाही. म्हणून मी ती इथे करतो.

माझी दादी पनवेलची. तिच्या फडताळात दोन मिठं असायची, बारीक पुड्यातलं जेवणात आणि खाडीचं जाडं मीठ लोणच्यात, मासळीत, गोश्तात. जाडं मीठ हळू विरघळतं. ते गोश्ताच्या अंगावर बसून राहतं, आतलं पाणी ओढून घेतं, आणि तेच पाणी खारं होऊन पुन्हा आत शिरतं. बारीक मीठ पटकन वितळून वाहून जातं, असं ती म्हणायची. ती बोटाच्या जाडीच्या पट्ट्या काढायची, हळद-मीठ-तिखट चोळायची, एक रात्र मडक्यात दाबून ठेवायची आणि मग दोरीवर टाकायची. दोन उन्हं खाल्ली की पट्टीवर कडक पापुद्रा धरायचा. माशी त्यावर बसली तरी अंडी घालायला ओल मिळत नसे. हा पापुद्रा म्हणजेच पहिला लेप. वरून आणून लावलेला नव्हे, मिठाच्या मदतीने गोश्तानेच स्वतःवर चढवलेला.

यात एक अडचण होती, ती चांद्र पंचांगाची. बकरीद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २०००मध्ये ती मार्चात होती. कोकणात मार्चचं ऊन म्हणजे वाळवणाची चैन. २०२१मध्ये ती २१ जुलैला आली. जुलैत आमच्याकडे टॉवेल वाळत नाही, गोश्त कुठलं वाळणार? मग पट्ट्या चुलीच्या वर टांगायच्या. धुराचा काळपट, किंचित चिकट थर बसायचा. धुरात जंतूंना आणि चरबीच्या खवटपणाला रोखणारे पदार्थ असतात, हे रसायनशास्त्र पुढे आलं; पावसाळ्यातल्या बकरीदने आमच्या घरांना ते आधीच शिकवलं होतं.

हे फक्त मुस्लिम घरांतलं नाही. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांमध्ये वाळवलेल्या मांसाच्या ‘चान्या’ असत. शाहू पाटोळे यांनी २०१५मध्ये आलेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात या अन्नाचा इतिहास मांडला, आणि मराठी खाद्यलेखनाने तोवर ज्या चुलींकडे पाठ फिरवली होती त्या समोर आणल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. पुस्तकात नोंदलेला पदार्थ आणि त्या पदार्थाचा कच्चा माल यांची गाठ अशी एकाच वर्षात पडली आणि सुटली.

मिठानंतरचा लेप चरबीचा. ‘कोरमा’ हा शब्द आपण ग्रेव्हीसाठी वापरतो, पण तो तुर्की ‘कावुर्मा’वरून आला आहे, आणि तुर्कस्तानात कावुर्मा म्हणजे स्वतःच्याच चरबीत शिजवून, त्याच चरबीखाली थिजवून ठेवलेलं गोश्त. इंग्लंडमध्येही सोळाव्या शतकात मांसावर चरबीचा लेप देत, आणि डब्यातल्या मांसावर तुपाचा जाड थर ओतायचीही पद्धत होती. चरबी थिजली की हवा बंद. हवा बंद झाली की बुरशी नाही, खवटपणाही उशिरा.

पण हवा बंद करणं म्हणजे सुरक्षित करणं नव्हे, हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण यूट्यूबवर आजकाल कुणीही काहीही तेलात बुडवून ‘सहा महिने टिकवा’ म्हणत असतं. एका जंतूला हवा नसलेलीच जागा आवडते. जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग भागात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॉसेज खाऊन माणसं मरत होती. युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने (तो कवीही होता) १८२० आणि १८२२मध्ये या विषबाधेचं तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केलं. लॅटिनमध्ये सॉसेजला ‘बोटुलुस’ म्हणतात, म्हणून त्या रोगाचं नाव बोट्युलिझम. चरबीखाली किंवा तेलाखाली ठेवलेलं गोश्त टिकतं ते पुरेशा मिठामुळे आणि आतलं मोकळं पाणी कमी झाल्यामुळे. लेप त्या कामाचा राखणदार आहे. खरं काम आधी मीठ करतं. दादीच्या पिढीला हे हातातून माहीत होतं. मीठ कमी घालून चरबी जास्त ओतावी, असं तिच्या मनातही आलं नसतं.

जगातला सगळ्यात हुशार लेप कोणता, असं मला विचारलं तर मी तुर्कस्तानातल्या कायसेरी शहराचं नाव घेईन. तिथे ‘पास्तिर्मा’ करतात. गोश्त खारवायचं, वाळवायचं, वजनाखाली दाबायचं (नावाचा अर्थच दाबलेलं), आणि शेवटी त्यावर ‘चेमेन’ थापायचं. चेमेन म्हणजे दळलेली मेथी, लसूण आणि लाल तिखट यांची लगदी. ज्या बाईने मेथीची भाजी किंवा लाडू केले आहेत तिला विचारा: मेथीदाणा भिजला की बुळबुळीत होतो. तो बुळबुळीतपणा म्हणजे गवारीच्या डिंकासारखाच एक पदार्थ, आणि वाळला की त्याचा सलग पापुद्रा होतो. त्या पापुद्र्यात लसूण आणि मिरची अडकून राहतात आणि पृष्ठभागावर पहारा देतात. गोश्त जास्त सुकत नाही, खवटही होत नाही. एकाच थरात भिंतही आली आणि चौकीदारही आला. आजच्या प्रयोगशाळा ज्याला ‘सक्रिय खाद्य लेप’ म्हणतात, तो हाच. फरक एवढा की कायसेरीच्या बाजारात लेप लाल दिसतो, लसणाचा वास येतो, आणि नको असेल तर सुरीने खरवडून काढता येतो.

कारखान्याचा लेप दिसत नाही. १८६९मध्ये अमेरिकेत हॅवर्ड आणि हार्मनी या दोघांना मांसावर जिलेटिनचा लेप देऊन ते टिकवण्याच्या कृतीचं पेटंट मिळालं. जिलेटिन म्हणजे हाडं आणि कातडी उकळून मिळणारं पारदर्शक प्रथिन, पाया सूप थंड झाल्यावर थिजतं तेच. सॉसेज तोवर आतड्यात भरत. गोव्यात चोरिसां अजूनही तशीच भरतात, व्हिनेगर आणि मिरचीत मुरवून. ते डुकराचं असल्याने आपल्या ताटातलं नाही, पण कारागिरी म्हणून पाहण्यासारखं आहे. १९२०च्या दशकात शिकागोच्या एर्विन फ्रॉइंडने कापसाच्या धाग्यापासून सेल्युलोजची नळी केली. तिच्यात सॉसेज शिजवायचं आणि नळी सोलून फेकायची. पुढे जर्मनीत जनावराच्या कातडीच्या आतल्या थरातून कोलॅजेनची खाता येणारी नळी निघाली. समुद्री शेवाळातलं अल्जिनेट त्यानंतर आलं. ते कॅल्शियमच्या पाण्यात बुडवलं की क्षणात जेलीसारखं घट्ट होतं. त्याचा शोध १८८०च्या सुमाराचा, स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाचा.

एवढी खटपट कशासाठी? शिजवलेल्या मांसाची खरी अडचण शिजवल्यानंतर सुरू होते. उष्णतेने जंतू मरतात, पण मग सलामी कापायची असते, कबाब पाकिटात भरायचे असतात. सुरी, पट्टा, हात, पाणी, यांतून जंतू पुन्हा पृष्ठभागावर येतात, आणि आता तिथे त्यांना स्पर्धक उरलेले नसतात. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो. २०१७-१८मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलोनी या सलामीसारख्या पदार्थातून त्याची साथ पसरली. हजाराहून जास्त लोक आजारी पडले, दोनशेहून जास्त मेले. पोलोनी तिथे गरीब माणसाच्या पावातलं स्वस्त मांस आहे. धोका पृष्ठभागावर असेल तर औषधही पृष्ठभागावरच असावं, म्हणून लेपात लवंगेचं तेल, सेंद्रिय आम्लं, किंवा दही-चीजच्या जंतूंपासून मिळणारं निसिन मिसळतात. हे सगळं फायद्याचंच आहे, आणि ‘केमिकल’ म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. मीठही केमिकलच आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. लेप कशाचा?

पाकिटावर मांसाहाराची तपकिरी खूण असते. जिलेटिन असेल तर ते प्राणिजन्य आहे असंही छापलेलं असतं. प्राणी कोणता, जबीहा झालेला की नाही, हे नसतं. मागे मी एका कंपनीला पत्र लिहून नेमकं हेच विचारलं होतं. तिचं नाव इथे महत्त्वाचं नाही. उत्तर आलं, की आमचं उत्पादन सर्व नियमांनुसार आहे. विचारलं होतं प्राण्याचं नाव, मिळालं नियमांचं आश्वासन.

इथे फिकहमधली एक जुनी चर्चा उपयोगी पडते, आणि योगायोग असा की तिचं नेहमीचं उदाहरण मिठागराचंच आहे. एखादं गाढव मिठाच्या खाणीत पडलं आणि काळाने त्याचं मीठच झालं, तर ते मीठ पाक की नापाक? हनफी मजहबमध्ये इमाम मुहम्मद यांचं म्हणणं, की वस्तूचं मूळ रूपच गेलं, आता ती मीठ आहे आणि मीठ पाक असतं. इमाम अबू युसुफ यांना ते पटलं नव्हतं, पण पुढे मजहब इमाम मुहम्मद यांच्या बाजूने गेला. या पालटाला ‘इस्तिहाला’ म्हणतात. शाफई मजहब इथे फार कडक. दारूचा आपोआप सिरका झाला तर चालेल, मेलेल्या जनावराचं कातडं कमावलं तर ते पाक होईल, पण त्यातही कुत्रा आणि डुक्कर वगळून. मिठागरात पडलेल्या गाढवाला त्यांच्याकडे अशी सूट नाही.

आता जिलेटिन. हाडाचं रूप पालटून नवीनच वस्तू झाली, की ते नुसतं उकळून काढलेलं हाडातलंच प्रथिन आहे? १९८६मध्ये अम्मानला भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने डुकराच्या जिलेटिनला नकार दिला. १९९५मध्ये कुवेतला झालेल्या वैद्यकीय-फिकही परिसंवादाने रूपांतर झाल्याचं मानून ते पाक ठरवलं. विद्वानांचा निकाल असा दोन बाजूंना आहे. रसायनशास्त्राच्या बाजूने मला विचाराल तर गाढवाचं मीठ होणं आणि कोलॅजेनचं जिलेटिन होणं या एका तोलाच्या गोष्टी नाहीत. जिलेटिन हे कोलॅजेनचेच उसवलेले धागे आहेत. प्राणी कोणता, हे प्रयोगशाळेत त्यातून अजूनही ओळखता येतं. ज्या वस्तूला आपलं मूळ आठवतं तिचं रूप पूर्ण पालटलं असं मी म्हणणार नाही. पण मी मुफ्ती नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

ही चर्चा मी अरबी ग्रंथ आणि पाकिटांवरच्या बारीक अक्षरांत शोधत होतो. तिचं एक टोक गव्हाणच्या समोरच निघालं. न्हाव्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर घारापुरी दिसते आणि उजवीकडे खाडीपलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र. अणुभट्टी म्हटल्यावर कबाब आठवणार नाही कुणाला, पण तिथल्या अन्नतंत्रज्ञान विभागाने गेली अनेक वर्षं खाद्य लेपांवर काम केलं आहे, आणि त्यांनी प्रयोगासाठी घेतलेल्या पदार्थांत आपले मटण सीख कबाब आहेत.

त्यांचा लेप ‘कायटोसॅन’चा. कोळंबीच्या सालांतून आम्लाने खनिजं काढायची, अल्कलीने प्रथिनं काढायची, उरतं ते कायटिन. त्यावर तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसॅन मिळतं. ते साध्या पाण्यात विरघळत नाही, व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात विरघळतं, आणि वाळलं की पारदर्शक पापुद्रा धरतं. त्याच्या रेणूंवर धन विद्युतभार असतो, जंतूंच्या पेशीच्या बाहेरच्या आवरणावर ऋण. दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि जंतूचं आवरण फाटतं. उरण-करंजा-मोऱ्याच्या किनाऱ्यावर सोडे करताना बायका जी सालं टोपलीभर बाजूला टाकतात, त्या सालांत हे सगळं आहे.

२००५मध्ये या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कबाब भाजून किंवा गरम हवेत वाळवून त्यांतलं मोकळं पाणी आधी कमी केलं, मग कायटोसॅनचा लेप दिला, मग ४ किलोग्रे इतका गॅमा किरणांचा डोस. असे कबाब फ्रिजशिवाय चार आठवडे ठेवले. किरण न दिलेल्या नगांवर दोन आठवड्यांत बुरशी दिसली. म्हणजे एकट्या लेपाने भागलं नाही. पण चरबी खवट होण्याचं प्रमाण लेप असलेल्या कबाबांत कमी होतं. २००८मध्ये त्यांनी कायटोसॅन आणि पुदिन्याच्या अर्काचं मिश्रण करून पाहिलं. पुदिना खवटपणा रोखतो, कायटोसॅन जंतू. कबाबाबरोबर पुदिन्याची चटणी देणाऱ्यांना यात नवल वाटू नये. (तो प्रयोग त्यांनी डुकराच्या सलामीवरही केला. शास्त्रज्ञांना सगळ्यांचीच काळजी.)

आधी पाणी कमी करायचं, मग लेप, मग वरून पहारा. दादीने जुलैत चुलीवर टांगलेल्या पट्ट्यांचा क्रम हाच होता, फक्त धुराच्या जागी कोबाल्टचे किरण आले. आणि हे काम कुणाच्या उपयोगाचं, तर ज्याच्याकडे फ्रिज नाही त्याच्या. कुर्बानीतला गरिबांचा वाटा आपण सकाळी पिशवीत घालून देतो, आणि ज्याला पाच घरांतून पाच पिशव्या मिळतात त्याच्या एका खोलीत ते गोश्त संध्याकाळपर्यंत टिकवायचं कसं, याचा विचार आपण करत नाही. आपला वाटा मात्र डीप फ्रीझरमध्ये मोहरमपर्यंत सुखरूप असतो. मशिदींच्या कमिट्या नी जमाती दर वर्षी कातडी गोळा करण्याची चोख व्यवस्था करतात. तीच माणसं, तेवढ्याच उत्साहाने, गोश्त खारवून-वाळवून किंवा शिजवून-सुकवून वाटण्याची सोय का करू शकणार नाहीत? हज समितीच्या पातळीवर नको, पनवेल-उरणच्या एका तालुक्यापुरती सुरुवात झाली तरी पुष्कळ.

पण तेव्हा लेपाचा प्रश्न पुन्हा येईलच, आणि गंमत म्हणजे यावेळी बाजू उलटतील. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. समुद्रातलं जवळपास सगळंच आम्हाला हलाल, कोळंबीबद्दल तर कधी शंकाच आली नाही. तिच्याशिवाय आमचा भात उतरत नाही. म्हणजे जिलेटिनपाशी अडणारा शाफई कायटोसॅनला बिनदिक्कत होकार देईल. हनफींकडे जलचरांत फक्त मासा हलाल. कोळंबी मासा आहे की नाही, यावर हिंदुस्थानातल्या उलेमांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. काहींनी चौदाव्या शतकातल्या दमीरी यांच्या प्राणिकोशाचा आधार घेतला, ज्यात ‘रूबियान’ म्हणजे कोळंबीची गणना लहान माशांत केली आहे, आणि तिला हलाल ठरवलं. काही म्हणाले टाळलेलं बरं. मिठागरातल्या गाढवाला माफ करणारा मजहब कोळंबीच्या सालापाशी थबकतो, आणि गाढवावर अडणारा तिथून पुढे निघून जातो.

समुद्री शेवाळाच्या अल्जिनेटवर दोघांचंही एकमत होईल, हे खरं. सरगॅसम हे शेवाळ मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर वाढतंच. पण अल्जिनेट चांगली भिंत आहे, चौकीदार नाही. जंतू मारायला त्यात दुसरं काहीतरी घालावं लागतं. पुदिना, लसूण, मेथी, लवंग, यांवर कुणाचा आक्षेप असेल असं वाटत नाही. शिवाय कायटोसॅन निवडलं तर कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी पाकिटावर तसं लिहावं लागेल. म्हणजे निदान एका लेपाचं मूळ तरी कायद्याने उघड होतं.

परभणीकडचा माझा एक मित्र कट्टर हनफी आहे आणि त्याहून कट्टर कबाबखाऊ. त्याला मी हा ट्रॉम्बेचा सगळा किस्सा फोनवर सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, “कबाब पुन्हा भाजला की तो लेप जळून जातो का?” मी म्हणालो, जात नाही, कबाबातच राहतो. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बरं. मग झिंग्याचं काय ते आमच्या मौलानांना विचारून सांगतो. तोवर तू कबाब पाठव, बिनलेपाचे. आज निघाले तर उद्या पोचतील.”